अरबाबची कॉफी

घर स्वस्तात मिळालं, तेव्हाच माझ्या मनात आलं की यात काहीतरी काळंबेरं आहे.

हत्ता म्हणजे दुबईच्या पूर्वेकडच्या डोंगरात दडलेलं जुनं गाव. एक किल्ला, टेकडीवर दोन बुरूज, खजुराच्या बागा, आणि त्या बागांना पाणी देणारा दगडी पाट, ज्याला इथं फलज म्हणतात. डोंगरात पर्यटकांसाठी लाकडी खोल्या बांधल्यात. त्यांचे पंप, टाक्या आणि पाइप मी बघतो. आधी मी दुबई शहरात, देरा भागात राहायचो, एका खोलीत दाटीवाटीनं, दुमजली पलंगाच्या वरच्या अंगाला. छत एवढं जवळ की कूस बदलताना खांदा घासायचा. तिथून या गावात नोकरी लागली, पगार थोडा वाढला, आणि बायको-मुलीला आणता येईल असं पहिल्यांदा वाटायला लागलं. फक्त घर पाहिजे होतं.

घर दाखवलं चाचानं. चाचा म्हणजे गावातला शिंपी. श्रीवर्धनकडचा मुसलमान, आयुष्य अरबांचे पायघोळ कंदुरे शिवण्यात गेलेलं. मराठी ऐकलं की हातातली कात्री खाली ठेवणारा माणूस. किल्ल्याच्या मागच्या अंगाला, बागेला लागून, दगडमातीच्या जाड भिंतींचं घर. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं नंतर कधीतरी बांधलेलं सिमेंटचं स्वयंपाकघर. अंगणात बोराचं झाड. वर्षाचं भाडं बारा हजार दिरहम, म्हणजे आपले पावणेतीन लाखांच्या वर. गावाकडं आकडा ऐकून लोक तोंडात बोट घालतील, पण दुबईत एवढ्यात अख्ख्या कुटुंबाला बंद होणारं दारसुद्धा मिळत नाही.

"चाचा, एवढं स्वस्त कसं?"

"घर जुना हाय. आजकालच्या अरबाला जुना नको, टाइल पायजे. तू घर बघायला आलायस का जासूसी करायला?"

"पण मलाच का?"

"म्हणजे काय, तुझ्यासाठी वरातीनं यायचा होता का त्यांनी?"

मालक म्हातारा होता. इथं मालकाला अरबाब म्हणतात, मग तो दुकानाचा असो, मळ्याचा असो की घराचा. पांढरी दाढी, हातात काठी, डोळे बारीक. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हिंदीत विचारलं, "किधर का?"

"महाराष्ट्र."

"मरहट्टी!" म्हणाला, आणि चटईकडं बोट दाखवून चक्क मराठीत म्हणाला, "बसा."

मी बसलो, पण आतून दचकलो. डोंगरातल्या अरबाला मराठी कुठून येतं? चाचा म्हणाला, तरुणपणी मुंबईला होता, बापाचा खजुराचा धंदा होता. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, हा आपली भाषा जाणतो, म्हणजे आपण घरात काय बोलतो तेही कळणार याला.

मी असा का, हे सांगायला हवं. मी आठवीतून शाळा सोडली. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, पिठाच्या गिरणीमागं, आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. एका सकाळी मालकानं वडलांना चहाला बोलावलं. वडील परतले तेव्हा त्यांच्या अंगाला वेलदोड्याचा वास होता आणि ते सामान बांधायला लागले. खोली खाली करायची होती. आम्ही आईच्या माहेरी, वस्तीवर राहायला गेलो. तिथली शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा ओढ्यापलीकडं, लांब. जायला सुरुवात केली, पण ते काही निभलं नाही. खोली सुटली त्या दिवशी आईनं वडलांना जे सुनावलं ते माझ्या कानात अजून आहे. "चहा प्यालात ना त्याचा? मग झालं. मिंधा झालेला माणूस कुठल्या तोंडानं भांडणार?"

म्हणून सांगतो, घराच्या बाबतीत माझं काळीज ठिकाणावर नसतं. आणि इथं तर घरावर सगळंच उभं. भाडेकरार दरवर्षी नवा होतो आणि त्या कराराच्या जिवावर बायको-मुलीचा व्हिसा. घर गेलं की त्या दोघी गावी आणि मी पुन्हा पलंगाच्या वरच्या मजल्यावर. या गावात भाड्याची घरं बोटावर मोजण्याएवढी, आणि माझ्या पगारात बसणारं हे एकच. कायदा भाडेकरूच्या बाजूनं आहे असं लोक म्हणतात. असेल. पण तो वाचायला माझी आठवी पुरत नाही.

तर बायको आली, मुलगी आली, आणि आमचा संसार किल्ल्याच्या सावलीत सुरू झाला. वाईट काही नव्हतं, हे आधी कबूल करतो. जाड भिंतींमुळं उन्हाळ्यातही आतली खोली सोसवेल एवढी गार. पाटाचं पाणी बागेत सोडलं की खिडकीतून खळखळ ऐकू यायची. मुलीला गावातल्याच शाळेत जागा मिळाली. बोरं लागली तेव्हा बायकोनं मीठ लावून वाळवली. रोज देवापुढं हात जोडताना मी एवढंच म्हणायचो, दिलंस ते पुष्कळ, आता काढून घेऊ नकोस.

जुन्या घराच्या कटकटी निराळ्या. भिंतीत खिळा ठोकला की मूठभर माती खाली. छताच्या खजुरी वाशांतून भुसा गळायचा, त्यामुळं जेवताना ताटावर ताट. आणि पर्यटक! किल्ला बघायला आलेली माणसं आमचं घरही त्यातलंच समजायची. एकदा एक गोरं जोडपं थेट पडवीत आलं. बायको चपात्या लाटत बसलेली. त्यांनी "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणत तिचे फोटो काढले आणि तिकीट कुठं काढायचं ते विचारलं. मुलगी म्हणाली, "धिस इज अवर हाउस." त्यांना ते खरं वाटेना. बायको मला म्हणाली, "मला पण किल्ल्यात बसवा आता लाटणं घेऊन."

मी हसलो खरा, पण मनात किडा वळवळला. या घराचा फोटो लोक काढतात. म्हणजे या घरात पैसा आहे. म्हणजे हे आज ना उद्या कुणाच्या तरी डोळ्यांवर येणार.

अरबाब दर शुक्रवारी नमाजानंतर यायचा. आत कधी आला नाही. बोराच्या झाडाखाली काठी टेकून उभा राहायचा, भिंतीकडं बघायचा, कधी भिंतीला तळवा लावायचा, आणि निघून जायचा. मी बाहेर येऊन सलाम केला तर मान हलवायचा. "सब ठीक?" "ठीक, अरबाब." संपलं.

"काय बघतो हो हा?" मी बायकोला विचारायचो.

"स्वतःचं घर बघतो. तुमचं काय जातंय?"

"भिंतीला हात लावून?"

"मग काय पाय लावून बघू दे?"

बायकोला नाही कळायचं. मला कळायचं. माणूस ढोर विकायच्या आधी त्याच्या पाठीवरनं असाच हात फिरवतो.

आमच्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, करार संपायला थोडे महिने राहिले असताना, अरबाबचा मुलगा आला. हा दुबईत ऑफिसात काम करणारा, काळा चष्मा, इस्त्रीचा कंदुरा, अत्तराचा घमघमाट. सोबत दोन माणसं, त्यांच्या हातात मोजायचं यंत्र. मी कामावर होतो. संध्याकाळी आलो तर बाहेरच्या भिंतीवर जागोजागी निळ्या रंगाचे ठिपके.

"हे काय?"

"मोजून गेले," बायको म्हणाली. "मला काही बोलले नाहीत. हिला विचारलं काहीतरी."

मी मुलीकडं वळलो. तिला आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. "दे आस्क्ड हाउ मेनी पीपल लिव्ह हियर. आय सेड थ्री अँड वन कॅट."

"मांजर कशाला सांगितलंस!"

"बिकॉज वी हॅव वन!"

"अगं, पाळीव जनावर ठेवलं म्हणून काढतील आपल्याला!"

"बाबा, रिलॅक्स. ही वॉज नाइस. ही सेड द कॅट इज क्यूट."

नाइस! आमच्या वडलांचा मालकही नाइसच होता. वेलदोडा घालून चहा दिला होता त्यानं.

दुसऱ्या दिवशी मी चाचाच्या दुकानात गेलो. दारात पाय ठेवला आणि आतलं बोलणं थांबलं. अरबाबचा मुलगा हात पसरून उभा होता, चाचा त्याच्या खांद्याचं माप घेत होता. मुलानं मला बघून नुसती मान हलवली. चाचानं फीत गळ्यात टाकली आणि मला म्हणाला, "नंतर ये, आता काम हाय." मराठी ऐकून कात्री खाली ठेवणारा चाचा! मी नंतर गेलो तर दुकान बंद. फोन केला तर म्हणाला, "नेटवर्क नाय." नेटवर्क नव्हतं तर माझं ऐकू कसं आलं?

मग चाचावरही माझा संशय बसला. वाटलं, यानं दुसरं गिऱ्हाईक आणलं असणार. हे घर त्यानंच मला मिळवून दिलं होतं, त्याच्या घरची ईदची बिर्याणी आम्ही खाल्ली होती, हे सगळं मी विसरलो. संशयाचं असं असतं. एकदा घरात शिरला की मांजरासारखा सगळ्या भांड्यांत तोंड घालतो.

आणि मग अरबाबचा निरोप आला. फोनवर स्वतःच बोलला. "गुरुवार, मगरिब के बाद, मजलिस में आना." म्हणजे संध्याकाळच्या नमाजानंतर. वर म्हणाला, "अकेला."

मजलिस म्हणजे पाहुण्यांना बसवायची खोली. तिथं बोलावणं म्हणजे मान. पण अकेला कशाला?

घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. बायको आधी धीटपणाचा आव आणून होती, मग म्हणाली, "काढायचं असेल तर निदान हिची परीक्षा होईस्तोवर थांबा म्हणावं. मग आम्ही जाऊ गावी. काय करायचं." एवढं बोलून मोरीत भांडी आपटायला लागली. मुलगी अभ्यासाचं पुस्तक उघडून त्याच पानावर बसली होती. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई आता म्हातारी झाली, फोन कानाला लावते, मला स्क्रीनवर नुसता तिचा कान दिसतो.

"त्यानं घरी बोलावलंय?" कान म्हणाला.

"होय."

"मग नीट ऐक. काय देईल ते पिऊ नको. चहा नको, पाणी नको. आधी घराचं बोल, मग पी. तुझ्या बापाची गत करून घेऊ नको."

गुरुवारी मी धुतलेला शर्ट घालून गेलो. लांबलचक खोली, तिन्ही भिंतींना लागून गाद्या, मधे गालिचा, खजुराची ताटं. अरबाब समोर बसलेला, शेजारी त्याच्याच वयाचे दोन शेजारी, दाढ्या कुरवाळत गप्पा मारत. मुलगा उभा होता, कारण इथं कॉफी घरातल्या लहानानं वाढायची असते. मला वाटलं होतं अरबाब एकटा असेल. हे दोघं कशाला? साक्षीदार? मला अरबाबच्या अगदी समोर बसवलं.

मुलानं डाव्या हातात चोचीची किटली, उजव्या हातात बिनकानाचा छोटा पेला धरला, तळाला घोटभर कॉफी ओतली आणि माझ्यापुढं धरली. ही त्यांची फिकट पिवळसर कॉफी, गहवा. तिच्यातून वेलदोड्याचा वास आला.

वेलदोडा! गिरणीमागची ती खोली, वडलांचं तोंड, सगळं समोर आलं. पेला हातात घेतला, कारण न घेणं जमलं नाही. पण तोंडाला लावला नाही. समोर गालिच्यावर ठेवून दिला, तसाच.

मुलगा किटली घेऊन तसाच उभा. "प्लीज, ड्रिंक."

मी मान हलवली. नाही.

शेजाऱ्यांच्या गप्पा थांबल्या. एकाचा खजूर तोंडाशी जाता जाता थांबला. अरबाबनं पेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मुलगा अरबीत भरभर काहीतरी बोलायला लागला, त्यात घराचा उल्लेख असावा असं मला वाटलं. अरबाबनं हात वर करून त्याला गप्प केलं.

"बोलो," मला म्हणाला. "क्या माँगता?"

मी तर पाठ करून गेलो होतो. मुलीची परीक्षा होईपर्यंत थांबा, एवढंच मागायचं. आरशासमोर हिंदीत म्हणून बघितलं होतं. पण त्या सगळ्या दाढ्या माझ्याकडं बघायला लागल्या आणि पाठ केलेलं कुठल्या कुठं गेलं. मनात खाली दाबलेलं होतं तेच वर आलं.

"अरबाब, घर मत लो. मेरा स्कूल छूटा घर के वास्ते. लड़की का स्कूल पूरा होने दो. तब तक घर मत लो."

"लड़की कौन सा क्लास?"

"चौथी."

खजूरवाल्या म्हाताऱ्यानं बोटांवर हिशेब केला आणि खुदकन हसला. मुलगा बापाला म्हणाला, "याबा..." आणि पुढं काय बोलला ते मला समजलं नाही, पण आवाज चढला होता.

अरबाबनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या पेल्याकडं बोट केलं. "इश्रब. पियो."

आणि इथं मी, आजवर साध्या सुपरवायझरपुढं कधी तोंड वर करून न बोललेला माणूस, काय बोललो माहीत आहे? म्हणालो, "पहले आप बोलो. फिर पिएगा."

माझं मलाच खरं वाटेना. वाटलं, संपलं आता, आज रात्रीच सामान बाहेर. पण शेजारचे दोघं एकमेकांकडं बघून "माशाल्ला" म्हणाले. अरबाबच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या.

"दे दिया," तो म्हणाला. "जब तक लड़की का स्कूल, तब तक घर तुम्हारा. खलास. अब पियो."

मी प्यालो. गार झाली होती, कडू होती, आणि घाईत अर्धी शर्टावर सांडली.

फाटकापर्यंत मुलगा सोडायला आला. चष्मा नव्हता, त्यामुळं डोळे दिसले. त्यांत माझ्याइतकाच संशय होता. "हू टोल्ड यू टू डू दॅट?"

"क्या?"

"द कॉफी. हू टॉट यू? द टेलर?"

मला काही कळेना. म्हणालो, "मेरी माँ." तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी त्याची थट्टा केली होती.

घरी बायकोनं पहिला प्रश्न विचारला, "लिहून दिलं?"

"नाही. बोलला."

"बोलायला काय जातंय! शर्टाला काय सांडलंय? प्यालात ना शेवटी?"

"आधी कबूल केलं त्यानं, मगच प्यालो."

"तरी पण," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही त्या 'तरी पण'वर बसून राहिलो.

उलगडा दुसऱ्या दिवशी चाचाच्या दुकानात झाला. या वेळी दुकान उघडं होतं. मला बघताच चाचा मशीनवरून उठला आणि हसत हसत खोकायलाच लागला. "अरे शैताना! अख्ख्या गावात तुझी गोष्ट झालीय! कुणी शिकवला तुला?"

"काय शिकवलं?"

"कॉफी खाली ठेवायचा!"

मग त्यानं मला खाली बसवून समजावलं. या लोकांची जुनी रीत आहे. पाहुणा आला, कॉफी हातात घेतली आणि न पिता समोर ठेवली, तर त्याचा अर्थ, मी तुमच्या दारी मागणं घेऊन आलोय, ते पुरं होईपर्यंत पिणार नाही. यजमानानं विचारायचं, काय मागतोस. आणि चार माणसांसमोर मागितलेलं यजमानाला मोडता येत नाही. पाहुणा तसाच उठून गेला तर घराण्याची लाज जाते. "जुनी माणसं आता रायली कुठं? पोरांना तर फक्त यूट्यूबवर म्हायती. आणि तू, सांगलीचा पाइपवाला, जाऊन ठेवलास पेला! वर म्हणालास पहिला तुम्ही बोला! अरे, जाणत्या शेखानं पण असा केला नसता."

"चाचा, मी तर आईनं सांगितलं म्हणून प्यालो नाही. आमच्यात असं की..."

"तुमच्यात काय ते तुमच्यात ठेव. कुणाला सांगू नको आता."

मग मीही विचारलं. "त्या दिवशी मला बघून गप्प का झालात?"

चाचाचं हसू गेलं. तो फीत बोटाला गुंडाळायला लागला. मुलाला ते घर पर्यटकांना रोजच्या भाड्यानं द्यायचं होतं. किल्ल्याशेजारी जुन्या घरात राहायला लोक म्हणेल ते मोजतात. माणसं मोजून गेली ती त्याच्याचसाठी. बापानं होय-नाही करत मान्य केलं होतं आणि गुरुवारी मला तेच सांगायला बोलावलं होतं. "मला म्हणाला, आधी बोलू नको. त्या खानदानाचे सगळे कंदुरे मी शिवतो, बाबा. मी काय करू? मला पण झोप नव्हती."

म्हणजे माझा संशय खरा होता. सगळा खरा होता! आयुष्यात पहिल्यांदा माझी भीती खरी निघाली आणि तरी घर वाचलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घरी जाताना पुढचा किडा वळवळायला लागला. म्हातारा मुंबईत राहिलेला. आपल्याकडचा माणूस का पीत नाही, हे त्याला माहीत नसेल? की माहीत असूनही त्यानं अरबांच्या रितीनंच अर्थ लावला?

करार नवा झाला, पहिल्याच भाड्यानं. भिंतीवरचे निळे ठिपके मात्र राहिले. बायकोनं घासायला घेतले तर रंगाच्या आधी माती निघायला लागली, म्हणून सोडून दिले. शुक्रवार येत राहिले, पण अरबाब येईना. एक शुक्रवार, दुसरा शुक्रवार. मी पुन्हा अस्वस्थ. शब्द म्हाताऱ्याचा होता. म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर शब्दाचं काय?

अशात एका संध्याकाळी त्याचा मुलगा आला. एकटाच, यंत्र नाही, माणसं नाहीत. पडवीत बसला. बायकोनं चहा आणला, आपला साधा, आलं घातलेला. त्यानं कप घेतला, आमच्याकडं बघितलं, आणि कप फरशीवर ठेवला. भरलेला.

मुलीला ती गोष्ट पाठ होती, ती कुजबुजली, "ओ माय गॉड, ही इज डुइंग इट."

आता मी काय करायचं? रीत अशी की मी म्हणायचं, बोला, काय मागता. आणि दिलं म्हणायचं. पण यानं घर मागितलं तर? बापानं दिलेलं मुलगा असं परत घेणार, माझ्याच डावानं? मी बायकोकडं बघितलं. ती पदर खोचून स्पष्ट म्हणाली, "आधी काय ते विचारा. हो-बिहो काही म्हणू नका."

"बोलो," मी म्हणालो.

मुलगा मोडक्या हिंदीत, मधे इंग्रजी घालत बोलला. बापाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आता मशिदीपर्यंत चालवत नाही. घरात बसून चिडचिड करतो. म्हणतो, ज्या घरात जन्मलो त्याच्या अंगणात बसू द्या. पण लगेच म्हणतो, मुलगी शिकतेय तोवर घर त्यांचं, असं मीच बोललोय, आता विचारल्याशिवाय आत कसा जाऊ? "इव्हनिंग में, थोड़ा देर. अंडर द ट्री. आप बोलो तो मैं गाड़ी में लाएगा."

या घरात जन्मलेला. आणि मी म्हणत होतो, भिंतीला हात कशाला लावतो.

"चहा प्या," मी म्हणालो. "दिया. खलास."

त्यानं एका घोटात चहा संपवला आणि जीभ भाजली म्हणून तोंड वाकडं केलं. बायको हसली. त्याच्याबरोबर ती पहिल्यांदाच हसली.

आता अरबाब रोज संध्याकाळी बोराखाली खुर्चीवर बसतो. मांजर त्याच्या पायाशी. बायको चहा देते, तो हातात येताक्षणी पितो, कप खाली टेकवतसुद्धा नाही. परवा मी त्याच्याजवळ बसलो होतो. धीर करून विचारलं, "अरबाब, उस दिन मैं कॉफी नहीं पिया. आपको क्या लगा?"

तो भिंतीवरच्या निळ्या ठिपक्यांकडं बघत होता. म्हणाला, "बंबई में हमारे घर का मालिक था, मरहट्टी. एक बार हमने भाड़ा देरी से दिया. वो हमारे कमरे पे आया, पानी दिया तो नहीं पिया. हमको मालूम, तुम्हारे मुल्क में पानी नहीं पिया मतलब झगड़ा."

"तो आपको मालूम था, मैं झगड़ा करने आया?"

"तुम?" तो हसला. "तुम डर रहा था. मुझे दिखता था. मैं सोचा, अच्छा है, कप नीचे रखा. अब बेटा भी कुछ नहीं बोल सकता." मग त्यानं रिकामा कप माझ्या हातात दिला आणि बजावलं, "बेटे को मत बोलना."

मी नाही बोललो. चाचालाही नाही, तो अजून मला जाणता शेख म्हणून चिडवतो. पण तेव्हापासून एक आहे. म्हातारा संध्याकाळी उठून गेला की मी त्याच्या जागी थोडा वेळ बसतो आणि त्या ठिपक्यांकडं बघतो. मुलगी आता पाचवीत गेली. शाळा अजून बरीच उरली आहे. मुलगा बापाला न्यायला येतो तेव्हा फाटकात उभा राहून घराकडं बघतो. मी आतून त्याच्याकडं बघतो, आणि बायको ओट्यापाशी उभी राहून माझ्याकडं.

"काय बघताय?" ती विचारते.

"काही नाही. तो काय बघतोय ते बघतोय."

"चहा ठेवते," ती म्हणते, "त्याला पण बोलवा. पितो की खाली ठेवतो, त्यावरनं कळेलच."